तारीख नंतर, आधी तिथी: सांगली-साताऱ्याहून मालवणच्या बेटांवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडची मंडळी कोकणात जातात ती शनिवार-रविवार बघून. शुक्रवारी रात्री गाडी भरते, घाट उतरते आणि सकाळी सगळे देवबागच्या किनाऱ्यावर उभे असतात. ज्या वाळूच्या बेटासाठी एवढी धावपळ केली, ते तेव्हा कमरभर पाण्याखाली असतं. नाववाला सांगतो, दुपारनंतर बघू. दुपारनंतर वारा सुटतो, लाटा वाढतात, मुलं कंटाळतात आणि रविवारी संध्याकाळी परतीचा घाट डोळ्यांसमोर दिसू लागतो. नात्यातल्या आणि ओळखीच्या कितीतरी जणांचं असं झालेलं मी पाहिलंय. थोडी आधी आखणी केली तर हे सगळं टळतं. त्या आखणीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर होतं.

१. आधी जागा ठरवा

सांगली, मिरज, इस्लामपूरकडच्यांना मालवण सोयीचं पडतं. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबाग, समोर भोगवे आणि निवती, सगळं एका पट्ट्यात येतं. सांगलीपासून अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण घाट आणि गावं धरून पाच ते सहा तास मोजा.

सातारा, कराड, पाटणकडच्यांना गुहागर किंवा दापोली जवळ. गुहागरला सुरूच्या बनाला लागून लांबच लांब किनारा आहे. दापोली तालुक्यात हर्णैसमोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. तिथे जाताना होडीतून उतरताना पाय भिजणार हे धरून चाला. हर्णैच्या किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव मात्र चुकवू नका.

मी हा लेख मालवण धरून लिहितोय, कारण बेट, किल्ला, खाडीचं मुख आणि मऊ वाळू हे सगळं दोन-तीन दिवसांत बघायचं तर तीच जागा. तिथीचा हिशोब मात्र गुहागर-दापोलीलाही तसाच लागू पडतो.

२. कॅलेंडर काढा आणि तिथी बघा

भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोनदा होते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. हे चंद्रावर चालतं, त्यामुळे तिथी कळली की पाण्याची वेळ कळते. किनाऱ्यावरची जुनी माणसं वापरतात तो हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. शुक्ल असो वा कृष्ण, प्रतिपदा म्हणजे एक. पौर्णिमा आणि अमावास्या म्हणजे पंधरा.

चतुर्थी धरू. चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहाटे तीनच्या सुमारास भरती, त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे सव्वानऊला पूर्ण ओहोटी. पुन्हा दुपारी साडेतीनच्या आसपास भरती. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा, त्यामुळे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. हा अंदाज आहे, तासभर इकडेतिकडे होतं. नेमकी वेळ मोबाईलवरच्या भरतीच्या तक्त्यात बघून घ्या. पण पुढच्या चार महिन्यांतली कुठली सुट्टी चांगली हे ठरवायला पाऊणचा हिशोब पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं. भरतीला पाणी खूप वर येतं आणि ओहोटीला खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे पाणी फारसं वर येत नाही आणि फारसं उतरतही नाही.

आता दोन्ही जोडा. वाळूचं बेट उघडं बघायचं तर ओहोटी खोल हवी आणि ती सकाळी यायला हवी, कारण सकाळी वारा पडलेला असतो. हे दोन्ही जुळतं ते द्वितीयेपासून पंचमीपर्यंत. त्या दिवसांत ओहोटी पावणेआठ ते दहाच्या दरम्यान येते. मी कुणालाही मालवणला पाठवताना आधी या चार तिथी शनिवार-रविवारी कधी येतात ते बघायला सांगतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील आणि नुसतं पाण्यात पाय बुडवून बसायचं असेल, तर अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे, पाण्याला ओढ कमी असते.

३. महिना कुठला

बोटींना कायद्याने बंदी असते तो काळ आधी वगळा. २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा आणि किल्ल्यावरची प्रवासी वाहतूक बंद असते. दरवर्षी मेअखेर आलेली कुटुंबं मालवणच्या धक्क्यावरून किल्ला लांबून बघून परत जातात. मोठ्या बोटींची मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे त्या दिवसांत ताटातली सुरमई ताजी असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. पाणी नितळ, हवा बरी. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नवीन वर्ष हे दिवस शक्य तर टाळा. गर्दीत खोलीचा भाव चढतो, आणि नावेत माणसं जास्त भरली जातात हे त्याहून वाईट. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदारांना माल गेल्यावर आणि खरड छाटणी, म्हणजे वेलींची उन्हाळ्यातली छाटणी, लागायच्या आधी जे चार मोकळे दिवस मिळतात, तेही चालतील. ऊन तापलेलं असतं, पण गर्दी नसते.

४. कागदपत्रं आणि सामान

- प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्ड. मुक्कामाला सगळ्यांचं मागतात, एकट्या कुटुंबप्रमुखाचं नाही.
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि चालवणाऱ्याचा परवाना. मोबाईलमध्ये डिजिलॉकरला आधीच उतरवून ठेवा, घाटात रेंज जाते.
- थोडी रोख रक्कम. किनाऱ्यावर युपीआय चालतं, पण रेंज गेली की अडतं.
- सुती किंवा लवकर वाळणारे कपडे. साडी, ओढणी किंवा जीन्स घालून लाटांत जाऊ नका. भिजलेलं कापड पायात अडकतं.
- मागे पट्टा असलेल्या चपला. किल्ल्याजवळच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.
- टोपी, प्यायचं पाणी, ओआरएस, उलटीची गोळी, रोजची औषधं, मोबाईलसाठी पाणी न शिरणारी पिशवी.
- कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. वेफर्सची पाकिटं बेटावर टाकली की ती पुढच्या भरतीला थेट समुद्रात जातात.

५. घाट उतरताना

सांगलीकडून नेहमीचा रस्ता कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे, कणकवली, कसाल, मालवण. गगनबावड्यातून दुसरा भुईबावडा घाटही उतरतो. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट, आणि निपाणी-आजऱ्यावरून आंबोली, हे आणखी दोन पर्याय. यांतला कुठला ना कुठला दरड किंवा रस्त्याच्या कामामुळे बंद असू शकतो. निघायच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा. गुगलवर रस्ता दिसतो म्हणजे घाट उघडा आहेच असं नाही.

साताऱ्याहून गुहागरला जाणाऱ्यांनी उंब्रजवरून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरावं. दापोलीसाठी महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर आणि खेड असाही रस्ता आहे.

ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सारखा ब्रेक दाबत आलात तर खाली पोहोचेपर्यंत जळका वास सुटतो आणि ब्रेक धरेनासा होतो. शक्यतो पहाटे निघा, रात्री नको. साखर कारखाने सुरू असताना आपल्या भागातल्या रस्त्यांवर रात्री मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात, आणि त्या पार करून पुढे धुक्यातला घाट. हा धोका घेण्याची काही गरज नाही. पहाटे चारला निघालात तर दहापर्यंत मालवण.

६. मुक्काम

किमान दोन रात्री ठरवा, कारण एक सकाळ एकाच गोष्टीला पुरते: एक देवबागच्या संगमासाठी, एक किल्ल्यासाठी. पहिला दिवस प्रवासात आणि संध्याकाळच्या किनाऱ्यावर जातो.

तारकर्ली आणि देवबागात घराघरांत न्याहारी-निवासाची सोय आहे. माझा कल नेहमी अशा घरांकडे असतो. घरची बाई सकाळी गरम घावणे देते, आणि घरातलाच कुणीतरी होडीवर असतो, त्यामुळे पाण्याची खरी खबर मिळते. आरक्षण करताना पूर्ण पैसे आगाऊ पाठवू नका. इंटरनेटवर चकचकीत फोटो लावून पैसे उकळणारी खोटी पानं बरीच आहेत. व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायला सांगा. 'समुद्राला लागून' म्हणजे किती पावलं हेही विचारा, कारण देवबागात एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. खाडीकाठचं घरही 'पाण्याला लागून' असतं.

७. पहिली सकाळ: देवबागचा संगम

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधली माडांची चिंचोळी पट्टी. लाटा किनाऱ्याच्या कडेकडेने वाळू वाहून नेतात. नदीच्या मुखापाशी ती साठत जाते, तिचा दांडा तयार होतो आणि नदीला वळसा घालून समुद्राला मिळावं लागतं. असा हा वाळूचा दांडा, ज्यावर अख्खं गाव वसलंय. काही ठिकाणी रस्त्यावर उभं राहिलं की दोन्हीकडे पाणी दिसतं. समुद्राच्या बाजूने दगडांचा बंधारा दिसेल. तो धूप अडवण्यासाठी आहे. त्याच्या दगडांवर फोटोसाठी चढू नका, दगड हलतात आणि मधल्या फटीत पाय अडकतो.

मुखाच्या आत खाडीत जो वाळूचा उंचवटा ओहोटीला उघडा पडतो, त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं तिथले लोक सांगतात. तिथे होडीनेच जावं लागतं. ओहोटी सव्वानऊला असेल तर आठच्या सुमारास होडीत बसा.

त्या तासाभरात काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. आधी पाण्याचा रंग एका जागी फिका पडतो. मग लाट तिथे येऊन विनाकारण फुटल्यासारखी वाटते. होडीवाला वल्ह्याने तळ चाचपतो. थोड्या वेळाने ओल्या वाळूची एक पाठ वर येते आणि तिच्यावर पक्षी तुमच्याआधी उतरतात. पाणी आणखी उतरलं की वाळूवर लाटांच्या नक्षीच्या रेघा दिसतात आणि छोट्या कुर्ल्या भोकांतून बाहेर येऊन वाळूच्या बारीक गोळ्या रचू लागतात. मुलांना इथे खाली बसवा. जलक्रीडेचे स्टॉल लागायच्या आधीची ही वेळ सगळ्यात सुंदर असते.

परतीची वेळ होडीवाल्याशी आधीच ठरवा आणि तो 'पाणी चढता, बेगीन चला' म्हणाला की लगेच उठा. भरती बेटावर समोरून येत नाही, कडेच्या सखल भागातून मागे शिरते. माणूस उंच भागात निवांत उभा असतो आणि मधली वाट बुडालेली असते.

त्याच होडीने पुढे भोगवे, निवतीचे खडक आणि डॉल्फिन बघायला नेतात. सकाळीच जा. खाडीच्या मुखातून बाहेर पडताना ओहोटीचं पाणी समुद्राकडे जोरात धावत असतं आणि समोरून लाटा येत असतात, तेव्हा तिथे पाणी उसळतं आणि होडी चांगलीच हलते. अनुभवी माणूस त्या वेळी थांबतो. तो थांबला तर घाई करू नका, तो तुमच्याच जिवाची काळजी करतोय.

८. दुसरी सकाळ: सिंधुदुर्ग

मालवणच्या धक्क्यावरून होडी मिळते. किल्ला कुरटे बेटावर आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कामाला सुरुवात केली आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. पायात शिसं ओतून दगड बसवले, म्हणून साडेतीनशे वर्षं लाटा झेलून तट उभा आहे. होडी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. तो दोन बुरुजांच्या वळणात लपवलाय. आपल्याकडे प्रतापगड-अजिंक्यतारा बघितलेल्या मुलांना हे वळण दाखवा, लगेच ओळखतील.

आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा जपलेला आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारं पाणी असताना यांचं पाणी गोडं. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. त्यांच्या अंगणात डोकावू नका.

होडीवाले ठरावीक वेळ देतात. तेवढ्यात तीन किलोमीटरची तटबंदी पूर्ण फिरून होत नाही. उतरतानाच जास्त वेळ मागून घ्या, बहुतेक वेळा पुढच्या होडीने परत येऊ देतात. ऊन तापायच्या आत पश्चिमेच्या तटावर जा.

शेजारी पद्मगड आहे. मोठ्या ओहोटीला दांडी किनाऱ्याकडून चालत जाता येतं, पण स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नका आणि ओहोटी पूर्ण व्हायच्या आत परत फिरा. हा सगळा भाग १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. प्रवाळ, शिंपले, जिवंत शंख काही उचलायचं नाही.

दांडी किनाऱ्यावर सकाळी कधी रापण लागलेली दिसेल. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून दोन रांगा ओढतात. माणसं कमरेला दोर घेऊन मागे मागे चालतात, शेवटचा पाण्यापासून लांब गेला की सोडून पुढे येतो आणि पुन्हा दोर धरतो. जाळं वर आलं की चांदीसारखी मासळी उडत असते. मदत करायची असेल तर विचारून दोर धरा. जाळ्यात हात घालू नका, काही माशांच्या काट्यांना विष असतं.

९. पाण्यात उतरताना

हे मी मुद्दाम वेगळं आणि सविस्तर लिहितोय, कारण बुडणाऱ्यांत आपल्या घाटावरची पोहता येणारी मुलं असतात. सांगलीच्या माई घाटावर किंवा वाईच्या घाटावर पोहायला शिकलेल्या मुलाला वाटतं, कृष्णा पार केली तर समुद्रात काय. नदीला एकच दिशा असते. समुद्रात पाणी लाटेबरोबर किनाऱ्याकडे येतं आणि साठलेलं पाणी एखाद्या अरुंद वाटेने जोरात परत आत जातं. ती वाट ओळखायची खूण म्हणजे दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा शांत, गढूळ दिसतो. नवखा माणूस नेमका त्या शांत पट्ट्यात उतरतो.

त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दम संपेल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. पट्टा अरुंद असतो, बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे आणतात. पोहता येत नसेल तर उताणे तरंगत राहा आणि हात वर करा. बाहेरच्यांनी मागोमाग उडी टाकू नये; दोर, रिकामा कॅन, टायर काहीही फेकावं. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, तटरक्षक दलासाठी १५५४.

पोहायचं तर भरती चढत असताना, गुडघा ते कमरभर पाण्यात, आणि जिथे स्थानिक लोक उतरतात तिथेच. ओहोटी लागली की बाहेर. नदीच्या मुखाशी, म्हणजे संगमावर, कधीच पोहायचं नाही, पाणी कितीही संथ दिसलं तरी. आपला हरिपूरचा कृष्णा-वारणेचा संगम डोळ्यांसमोर ठेवून तिथे उतरू नका. दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्याला घरच्यांनी हाताला धरून मागे ओढावं, वाईटपणा आला तरी चालेल.

गाडी वाळूवर नेऊ नका. ओली वाळू घट्ट वाटते, पण गाडी थांबली की चाकं खाली जातात आणि भरती येईपर्यंत ट्रॅक्टर मिळेलच असं नाही. शिवाय पोलीस गुन्हा नोंदवतात.

१०. स्कूबा आणि बोटींचे खेळ

स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं. त्यासाठी पोहता येत नसलं तरी चालतं, कारण प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. दमा, फिट, हृदयविकार, कानाचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर जाऊ नका, आणि अर्जात खरं लिहा. सर्दी असेल तरी पुढे ढकला, कानात असह्य कळ येते.

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला. त्यामुळे बोटीत बसायच्या आधी परवाना आणि किती माणसांची परवानगी आहे हे विचारा, मोजा आणि जास्त भरत असतील तर उतरा. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पट्टे आवळलेलं, लहान मुलांना त्यांच्या मापाचं. 'जवळच तर जायचंय' हे कारण ऐकू नका.

११. जेवण आणि परतीची तयारी

माशाचा भाव आकारावर असतो. पापलेट किंवा सुरमई मागवण्याआधी मासा बघा, किंमत विचारा, मग होकार द्या. बांगडा आणि तिसऱ्या (शिंपल्या) स्वस्त असतात आणि घरगुती जेवणात त्यांचीच चव जास्त खुलते. माळकरी मंडळींनी काळजी करू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ मिळते, घावणे-चटणी आणि सोलकढी बारा महिने. फक्त आदल्या रात्री सांगून ठेवा, आणि तव्याबद्दल शंका असेल तर स्पष्ट विचारा, कुणी राग मानत नाही.

निघताना कोकम आणि मालवणी खाजा बाजारातून घ्या. तिसऱ्या दिवशी दुपारच्या आतच जेवून निघा, म्हणजे अंधार पडायच्या आत गगनबावडा चढून होतो. घरी पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुऊन घ्या, खारी हवा आणि वाळू पत्र्याला लगेच धरते.